नाक अमेरिकेचं, काळीज ट्रॅक्टरचं

जुन्या जीपचं बॉनेट उघडायला किल्ली लागत नाही. दोन्ही बाजूंना एकेक हूक असतो. तो ओढून सोडवायचा, पत्रा उचलायचा आणि मागे काचेच्या फ्रेमला टेकवायचा, झालं. फुलंब्रीच्या स्टँडबाहेर सिल्लोडच्या, राजूरच्या, खुलताबादच्या सीटा भरत उभ्या असलेल्या जीपगाड्यांची बॉनेटं उन्हाळ्यात अशी उघडीच असायची, इंजिनाला वारा लागावा म्हणून. ड्रायव्हर रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून ते बेताबेतानं फिरवायचा, फस्सकन वाफ निघायची आणि आम्ही पोरं लांब पळून पुन्हा जवळ यायचो.

आत काय आहे हे ओळखायला फार अक्कल लागत नसे. वरच्या अंगाला कार्बोरेटर आणि प्लगांच्या चार वायरी दिसल्या की गाडी पेट्रोलची. बाजूला पंप आणि त्यातून निघून नोझलांकडे गेलेल्या चार पोलादी नळ्या दिसल्या की डिझेलची. कार्बोरेटर क्वचितच दिसायचा. बाहेरून मात्र गाडी तीच. जाळीतल्या सात उभ्या फटी, दोन गोल दिवे, सपाट मडगार्ड, सगळं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या कारखान्याचं रूप. नाक अमेरिकेचं आणि काळीज भलत्याच जातीचं, असा तो प्रकार.

जुन्या गाडीत नवं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स बसवणं हा अमेरिकेत मोठा शौक आहे. पन्नाशीतली शेवरले घ्यायची, तिचं मूळ इंजिन उतरवायचं आणि 1997 पासून शेवरलेनं काढलेलं ‘एलएस’ जातीचं व्ही-8 इंजिन आत बसवायचं. सोबत चार-पाच-सहा गिअरांचा आधुनिक गिअरबॉक्स. गाडी दिसते आजोबांची आणि पळते नातवासारखी. पैसा आणि रविवारची सुट्टी असलेल्या माणसांचा हा खेळ. आपल्याकडे हेच काम झालं, फार मोठ्या प्रमाणावर झालं, पण शौकापायी नाही. पेट्रोल परवडेना म्हणून झालं. आणि गॅरेजवाल्यांनी जे लिंबाखाली केलं तेच शेवटी कंपनीनं कारखान्यात केलं. त्या बदलाची ही हकीकत.

अमेरिकन गाड्या महाराष्ट्राला नव्या नव्हत्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1928 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षाअखेर तिथून शेवरले गाड्या बाहेर पडू लागल्या. फोर्डचंही बस्तान त्याच सुमारास बसलं. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळू लागल्या. पुढे 1953 च्या टॅरिफ कमिशननं स्पष्ट सांगितलं की आता नुसती जुळणी पुरे झाली, इथं भाग बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, पण तिचाही भर फियाटच्या छोट्या गाडीवर गेला. त्यानंतर मोठ्या अमेरिकन मोटारी नव्यानं येणं जवळजवळ थांबलं. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायचं, त्यातल्या काही शेठ लोकांकडे आणि सिनेमावाल्यांकडे जायच्या. बाकी जे होतं तेच दुरुस्त करत चालवायचं.

फुलंब्रीसारख्या गावात या लांबलचक मोटारी कुणाच्या दारी उभ्या राहण्याचा प्रश्नच नव्हता. औरंगाबादहून अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेले पाहुणे हर्सूल सोडून, चौक्याचा घाट उतरून याच रस्त्यानं पुढं जात; तेवढ्यापुरतं दर्शन. फुलंब्रीच्या वाट्याला जी अमेरिकन गाडी आली ती जीप.

जीप जन्मली ती लढाईसाठी. 1940 मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. मूळ आराखडा बँटम नावाच्या छोट्या कंपनीचा, पण बाजी मारली विलीस-ओव्हरलँडनं, आणि ती मुख्यतः इंजिनाच्या जोरावर. बार्नी रूस नावाच्या इंजिनिअरनं विलीसचं 2.2 लिटरचं जुनं इंजिन घासूनपुसून 60 अश्वशक्तीपर्यंत नेलं होतं. त्याचं नाव ‘गो-डेव्हिल’. विलीस आणि फोर्डनं मिळून युद्धात सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर जगभरच्या लष्करी तळांवर त्या लिलावात निघाल्या; भारतातही निघाल्या.

के. सी. महिंद्र युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते. तिथं त्यांची या बार्नी रूसशी गाठ पडली, आणि ही गाडी हिंदुस्थानच्या रस्त्यांना (म्हणजे रस्ते नसलेल्या भागाला) योग्य आहे हे त्यांच्या मनानं घेतलं. 1945 मध्ये महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मुहंमद यांच्याबरोबर कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. ‘महिंद्र अँड मुहंमद’ची ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. माझगावला पेट्यांमधून आलेल्या सुट्या भागांच्या जीपा जुळू लागल्या. पुढे त्या इथंच बनू लागल्या.

इथं एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. आपण जिला अस्सल जुनी जीप म्हणतो, ती सीजे-3बी, तिचं नाक एवढं उंच का? तर तिच्यातही इंजिन बदललेलं होतं. 1953 मध्ये विलीसनं ‘हरिकेन’ नावाचं इंजिन या गाडीत घातलं. जुन्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. नव्यात इनलेटचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. ताकद वाढली, पण उंचीही वाढली. ते बॉनेटखाली मावेना. मग विलीसवाल्यांनी गाडी बदलली नाही, बॉनेट आणि जाळी उंच केली. अमेरिकेत या रूपाची ‘हाय हूड’ म्हणून थट्टा झाली आणि तिथं दोन वर्षांतच गोल मडगार्डांची सीजे-5 पुढं आली. आपल्याकडे हेच उंच नाक रुजलं, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं टिकलं. ‘ओरिजिनल’ जीपचा कैवार घेणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. तुमच्या ओरिजिनल गाडीचा तोंडवळाच मुळी दुसरं इंजिन कोंबण्याच्या खटपटीतून घडला आहे. आणि गंमत म्हणजे, त्या वाढलेल्या उंचीमुळेच पुढे भारतातल्या मिस्त्र्यांना आत डिझेल इंजिन बसवायला जागा मिळाली.

मराठवाड्यानं जीप पहिल्यांदा पाहिली ती बहुधा लष्कराची. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 14 तारखेला औरंगाबाद त्यांच्या हाती आलं आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. या फौजांच्या ताफ्यात जीपा होत्या. त्यानंतर आली साहेबाची जीप. 2 ऑक्टोबर 1952 ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, अमेरिकन मदतीतून गटागटांना जीपा मिळाल्या. ‘युनिसेफ’नं आरोग्य केंद्रांना गाड्या दिल्या. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, गटविकास अधिकाऱ्याच्या दिमतीला जीप आली. तलाठी सायकलवर, ग्रामसेवक एसटीनं, आणि बीडीओ साहेब जीपमध्ये, अशी ती उतरंड. पुढे लाल त्रिकोण रंगवलेली कुटुंब नियोजनाची जीप आली. ती दिसली की बाप्ये शेताकडं पांगायचे.

1972 च्या दुष्काळात या जीपांनी जेवढा फुफाटा उडवला तेवढा कधीच उडवला नसेल. खडी फोडायची कामं, पाझर तलाव, रस्त्यांची मातीकामं, आणि त्यांवर हजेऱ्या तपासत फिरणाऱ्या जीपा. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाऊन माणसं जगत होती, आणि मस्टर घेऊन येणारी गाडीही मूळची अमेरिकेचीच.

या सगळ्या काळात जीप पेट्रोलवर चालली आणि त्याची फिकीर कुणालाच नव्हती. कारण उघड आहे. पेट्रोल सरकार भरत होतं. लिटरला सात-आठ किलोमीटर ॲव्हरेज देणारी गाडी सरकारच्या तिजोरीला जड नव्हती. ती जड झाली लिलावात विकत घेणाऱ्याला. सरकारी गाडी ठरावीक वर्षं आणि किलोमीटर झाले की निर्लेखित होते, तिचा लिलाव होतो. तालुक्यातला एखादा ठेकेदार, बागायतदार, दूधवाला तिच्यावर बोली लावायचा. गाडी स्वस्तात पडायची. आठ दिवस गावभर मिरवून झालं की पंपावरचा हिशेब कळायचा.

त्यात 1973 उजाडलं. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली, जगभर भाव भडकले. भारत सरकारनं पेट्रोलचे दर एकदम चढवले. नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीत तो देखावा होता. आमच्याकडे बैलगाडी होतीच. बैलगाडीच्या शेजारी लिलावातली जीप उभी राहिली, एवढाच फरक.

डिझेल मात्र सरकारनं सांभाळलं. शेती, एसटी आणि मालट्रक त्यावर चालत असल्यानं त्याचा दर पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास राहिला. आणि डिझेल इंजिन म्हणजे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला परकी वस्तू नव्हती. विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन धडधडत होतं. हँडल मारायचं, हवा काढायची, नोझल साफ करायचं, हे घरातल्या पोरांनाही येत होतं. टेल्कोच्या मर्सिडीज ट्रकांवर हात बसलेले मिस्त्री 1954 नंतर गावोगाव तयार झाले होते. कार्बोरेटरची सेटिंग जमवणारा माणूस शोधायला शहर गाठावं लागे. डिझेलवाला मिस्त्री फाट्यावर भेटे. जीपमध्ये डिझेल इंजिन गेलं त्यामागे पैशाइतकंच हेही कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

मग सुरू झाली बांधाबांध. हे काम कसं चालायचं ते सांगतो, कारण असे मिस्त्री आता थोडेच उरलेत.

लिंबाच्या झाडाखाली तीन बल्ल्यांची तिकाटी उभी करायची, तिला साखळीची पुली. रेडिएटर, जाळी, बॉनेट आधी उतरवायचं. जुनं इंजिन पुलीनं वर घ्यायचं आणि गाडी हातांनी मागे ढकलायची. इंजिन ठेवायचं टायरवर. त्याला गिऱ्हाईक नसेच, ते भंगारात किलोनं जायचं. नवं इंजिन, म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन, लेथवाल्याकडून बोअर करून, स्लीव्ह बसवून आणलेलं असायचं. अपघातात गेलेल्या टेम्पोचं, मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचं, कुठलंही. ते चेसीवर टेकवायला ‘फाउंडेशन’ करावं लागे. चॅनेलचे तुकडे कापून, वेल्डिंग मारून, रबर घालून. डिझेलचा हादरा पेट्रोलपेक्षा फार मोठा. फाउंडेशन कच्चं राहिलं तर सहा महिन्यांत चेसीला तडा जायचा. इंजिन जड, त्यामुळं पुढचे पाटे बसायचे आणि गाडी नाक खाली घालून उभी राहायची. मग पाट्यांत एकेक पान वाढवायचं. लढाईतल्या जीपची वीज सहा व्होल्टची. डिझेलचं कॉम्प्रेशन फिरवायला तेवढ्यानं काय होणार? बारा व्होल्टची बॅटरी, नवा सेल्फ, नवा डायनॅमो, सगळी वायरिंग उपसून पुन्हा घालायची.

खरी कसोटी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याची. एका कंपनीच्या इंजिनाची भोकं दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला कशी जुळतील? मध्ये जाड लोखंडी प्लेट घालायची. एका बाजूनं इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सची. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतं. ते केसाइतकंही सरकलं तर गिअरबॉक्स घूं-घूं रडतो आणि क्लचप्लेट जळते. चांगला मिस्त्री डायल गेज नसताना नुसत्या बोटानं आणि कानानं हा मध्य काढायचा. वाईट मिस्त्री प्लेट बसवून पैसे घ्यायचा, आणि गिऱ्हाईक पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या मिस्त्र्याकडे जायचं.

एवढं करून गाडी चालू व्हायची, पण पळायची नाही. का, याचा हिशेब सोपा आहे. जीपचा क्राउन-पिनियन 5.38 चा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे 5.38 फेरे झाले की चाकाचा एक. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घ्यायचं, टॉप गिअरमध्ये गाडी ताशी शंभरापर्यंत जायची. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन दोन हजाराच्या आतबाहेरच फिरतं. तोच क्राउन-पिनियन ठेवला तर गाडी ताशी पन्नासलाच संपली! पाय फ्लोअरला लावा, इंजिन बोंबलेल, काटा हलणार नाही. म्हणून क्राउन-पिनियनही बदलायचा. 4.09 चा मिळाला तर पासष्टीपर्यंत मजल. मूळचा गिअरबॉक्स तीन गिअरांचा, त्याचा पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय पडत नसे. चौक्याच्या चढावर दहा-बारा माणसं भरलेली असताना दुसऱ्यात गाडी दमली की थांबून पहिला टाकावा लागे, आणि क्लीनर उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायला तयारच असे. पुढे चार गिअरांचा बॉक्स आला तेव्हा ड्रायव्हरांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या चाकांची ओढ मात्र बहुतेकांनी काढूनच टाकली. जॉइंट खोलून घरात ठेवायचा, डिझेल वाचतं. ज्या खुबीसाठी अमेरिकन लष्करानं ही गाडी बनवून घेतली, तीच खुबी गोणपाटात बांधून माळ्यावर.

हीच शस्त्रक्रिया मुंबईत मोठ्या अमेरिकन मोटारींवरही झाली. डॉज, प्लिमथ, शेवरले यांच्या लांब बॉनेटखाली पर्किन्सची, मर्सिडीजची, पुढे मॅटाडोर टेम्पोची डिझेल इंजिनं बसली. चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या गॅरेजांत लागेल तो भाग मिळायचा. सहा किंवा आठ सिलिंडरच्या जागी चार सिलिंडर, त्यामुळे बॉनेटखाली निम्मी जागा रिकामी. क्रोमनं लखलखणारी गाडी लग्नाच्या वरातीत टेम्पोचा आवाज काढत निघायची. आज या गाड्या पाहून हळहळणारे खूप आहेत. मला हळहळ वाटत नाही. डिझेल बसवलं म्हणून त्या रस्त्यावर राहिल्या. ज्यांना बसवलं नाही त्या बहुतेक कापून गेल्या.

आता कंपनीकडे येऊ. महिंद्रनं 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत ट्रॅक्टरची वेगळी कंपनी काढली होती. तिचा बी-275 हा 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवेल. शिकागोच्या कंपनीचा, पण मूळ घडवलेला ब्रिटनमध्ये. पेट्रोल भडकल्यावर महिंद्रनं बाहेर कुठं शोधाशोध केली नाही. याच ट्रॅक्टरच्या वंशातलं 2350 सीसीचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. 1977 मध्ये ट्रॅक्टर कंपनी मूळ कंपनीत विलीन झाली, तेव्हा नांगर आणि जीप कागदोपत्रीही एका घरात आले. गॅरेजवाले या इंजिनाला नुसतं ‘इंटरनॅशनल’ म्हणतात. आवाज मोठा, धूर भरपूर, हादरा असा की आरसा सरळ राहत नसे. पण ते मरत नव्हतं. ऑइल बदला, फिल्टर बदला, आणि विसरा.

त्याचे दोष कंपनीलाही कळत होते. 1979 मध्ये तिनं फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला आणि इगतपुरीला इंजिनाचा कारखाना उभा केला. हे इंजिन म्हणजे ‘एक्सडीपी 4.90’. नावातच त्याची कुंडली आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. त्या व्यासाच्या क्षेत्रफळाचा 83 मिलिमीटरच्या स्ट्रोकशी आणि मग चाराशी गुणाकार केला की बरोबर 2112 सीसी. हे मोटारीसाठी घडलेलं डिझेल, त्यामुळं हलकं, जोरात फिरणारं, त्यातल्या त्यात गुळगुळीत. ऐंशीच्या दशकात ते एमएम-540 मध्ये आलं आणि गॅरेजांचा धंदाच पालटला. ज्यांच्या जीपात इंटरनॅशनल होतं त्यांनी ते उतरवून प्यूजो बसवायला सुरुवात केली. ज्यांच्यात टेम्पोचं होतं त्यांनीही. सांधा आता जुळवावा लागत नव्हता. कंपनीचंच बेल हाउसिंग, कंपनीचाच चार गिअरांचा बॉक्स. प्लेट घासून मध्य काढणारा मिस्त्री आणि नुसते पाने फिरवणारा मिस्त्री यांतला फरक तिथून मिटत गेला.

मोटार वाहन कायदा 1988 मध्ये नवा झाला आणि 1 जुलै 1989 पासून लागू झाला. सहाहून जास्त आणि बारापर्यंत प्रवाशांच्या गाडीला त्यात ‘मॅक्सी कॅब’ असं नाव मिळालं. नव्वदच्या दशकात लांब चेसीच्या डिझेल गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात फुलंब्रीच्या रस्त्यावर भरून वाहू लागल्या. बाराची परवानगी आणि आत किती, हे विचारू नये. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाताना टपावरही माणसं असत. ज्या गाडीची आखणी तीन-चार शिपायांसाठी झाली होती तिच्या लांबवलेल्या भावंडांनी खेडीपाडी वाहिली, हे काम टोलेडोच्या इंजिनिअरनं स्वप्नातही पाहिलं नसेल. आणि हे पेट्रोलवर शक्य नव्हतं. सीटमागे दोन-चार रुपये घेणारा धंदा पेट्रोलवर दोन दिवसांत बसला असता.

कायदा मात्र हळूहळू आवळत गेला. पूर्वी आरटीओत अर्ज करून, इंजिन दाखवून, आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि पेट्रोलच्या जागी डिझेल अशी नोंद करून मिळे. चेसी नंबर तोच राहायचा, आणि गाडीची ओळख चेसीवरून. इंजिन म्हणजे बदलता येणारा अवयव, असा तो व्यवहार. 2000 मध्ये कलम 52 कडक झालं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. हे योग्यच आहे. हादऱ्यानं तडकलेल्या चेसीवर वेल्डिंग मारून पंधरा माणसं वाहणं हा पराक्रम नव्हता, नाइलाज होता. त्या नाइलाजात माणसं मेलीही आहेत.

एक शेवटचा फेरा सांगायचा राहिला. मार्च 2018 मध्ये महिंद्रनं अमेरिकेत, डेट्रॉइटच्या परिसरात जुळवलेली ‘रॉक्सर’ नावाची गाडी बाजारात आणली. रस्त्यावर नाही, शेतात-रानात चालवायची. रूप जुन्या जीपचं, आत महिंद्रचं अडीच लिटरचं डिझेल, 62 अश्वशक्तीचं. जीप हे नाव तेव्हा ज्यांच्या मालकीचं होतं त्या फियाट-क्रायस्लरनं तक्रार केली आणि जून 2020 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं निकाल दिला की हे जीपच्या रूपाची नक्कल करतं. जाळी, दिवे, मडगार्ड बदलल्यावर गाडीला परवानगी मिळाली. भांडण सगळं नाकावरून झालं. काळजावर कुणी हक्क सांगितला नाही.

आणि आपल्याकडे? जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नोंदणीची फी वीस हजार रुपये. मुख्य अट अशी: गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे लिंबाखाली जिचं काळीज बदललं आणि त्यामुळंच जी पन्नास वर्षं जगली, ती गाडी या यादीत बसत नाही.

तुमच्या गोठ्यामागे किंवा वाड्याच्या पडवीत अशी एखादी जीप कडबा अंगावर घेऊन उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन्ही हूक सोडून बॉनेट उचला. इंजिनावर ठोकलेला नंबर फडक्यानं पुसून वाचा आणि आजोबांच्या आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहा. जुळला तर सांभाळा. जुळला नाही, तरी ते इंजिन कुठल्या ट्रॅक्टरचं की टेम्पोचं, हे सांगणारा मिस्त्री हयात आहे तोवर त्याला विचारून लिहून ठेवा.